कुकच्या रोजनिशीची फॅक्सिमिली प्रत: मागवण्यापासून वाचायला बसेपर्यंत

फॅक्सिमिली, म्हणजे जुन्या हस्तलिखिताची किंवा पुस्तकाची हुबेहूब छापील प्रत, घरी पोचली की घेणाऱ्यांचा मला फोन येतो. प्रश्न ठरलेले असतात: “पानांवर डाग आहेत, परत करू का?” “प्लास्टिक काढू की नको?” “यात कुकची सही आहे, ती खरी का?” यातल्या बहुतेकांनी मागवण्याआधी करायच्या गोष्टी मागवल्यानंतर केलेल्या असतात आणि पहिल्या दिवशी करायच्या गोष्टी महिन्याने. म्हणून हा लेख क्रमाने लिहिला आहे. उदाहरण म्हणून ब्रिटिश दर्यावर्दी जेम्स कुकच्या ‘एंडेव्हर’ जहाजावरची १७६८ ते १७७१ ची रोजनिशी घेतली आहे. कप्तान विल्यम ब्लायची ‘बाउंटी’ जहाजावरची नोंदवही किंवा कुकसोबत गेलेल्या निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ बँक्सची रोजनिशी घेणार असाल तरी पायऱ्या याच राहतील.

## १. आधी ठरवा: नक्की काय विकत घेताय?

‘कुकचं जर्नल’ या नावाखाली चार वेगळ्या वस्तू विकल्या जातात.

पहिली म्हणजे हस्तलिखिताची फॅक्सिमिली. मूळ पानाचं छायाचित्र घेऊन, शक्यतो मूळ आकारात आणि रंगात छापलेली. संग्राहक हिच्याच मागे असतात. गिल्डफर्डच्या जेनेसिस पब्लिकेशन्सने १९७५ मध्ये ‘बाउंटी’ची नोंदवही ५०० प्रतींत काढली, ती या जातीची.

दुसरी, जुन्या छापील पुस्तकाची फॅक्सिमिली. १७७३ मध्ये जॉन हॉक्सवर्थने कुकच्या आणि इतरांच्या नोंदी आपल्या भाषेत घोळून पुस्तक छापलं. त्याची हुबेहूब प्रत मिळते, पण तीत कुकचं हस्ताक्षर नसतं आणि बऱ्याच ठिकाणी कुकची वाक्यंही नसतात.

तिसरी, संपादित पाठ. हॅक्लुट सोसायटीने १९५५ मध्ये छापलेला, जे. सी. बीगलहोल यांनी संपादित केलेला खंड अभ्यासासाठी उत्तम आहे. पण ती फॅक्सिमिली नव्हे.

चौथीपासून सावध राहा. कुणीतरी संकेतस्थळावरची स्कॅन केलेली पानं उतरवून घेतो, मागणी आली की एक प्रत छापतो आणि वर ‘फॅक्सिमिली एडिशन’ लिहितो. वाचायला ती चालेल. संग्रहमूल्य शून्य.

इशारा: जाहिरातीत ‘सही असलेली प्रत’ असेल तर ती सही संपादकाची किंवा प्रस्तावना लिहिणाऱ्याची असते. कुक १७७९ मध्ये हवाईत मारला गेला. त्याची सही पानावर दिसली तर तीही छापलेलीच.

## २. मूळ हस्तलिखिताची ओळख करून घ्या

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात, आणि पुढची निम्मी फसगत इथूनच सुरू होते.

‘एंडेव्हर’ची रोजनिशी एकच नाही. कुकने स्वतःच्या हाताने लिहिलेली रोजनिशी कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. १९२३ मध्ये लंडनच्या सदबीजच्या लिलावात ती ५,००० पौंडांना घेतली गेली. तिचा क्रमांक ‘एमएस १’, म्हणजे त्या ग्रंथालयाचं पहिलंच हस्तलिखित. २००१ मध्ये तिची युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदणीत नोंद झाली. सातशेहून जास्त पानांचा हा ऐवज आहे.

पण जहाजावर रिचर्ड ऑर्टन नावाचा कारकून होता, आणि कुकच्या रोजनिशीच्या नकला उतरवणं हे त्याचं काम. ऑक्टोबर १७७० मध्ये बटाव्हियाहून (आजचं जकार्ता) अशी एक नक्कल डच जहाजाने लंडनला नौदल कार्यालयाकडे रवाना झाली. ऑर्टनच्या हातच्या नकला आज इंग्लंडमध्ये आणि सिडनीत आहेत. त्याही खऱ्या, त्याच काळातल्या, मोलाच्या. मात्र अक्षर कुकचं नाही. एखादी फॅक्सिमिली अशा नकलेवरून केलेली असेल तर तिला ‘कुकच्या हस्ताक्षरातली’ म्हणणं ही थाप आहे.

कुकच्या पुढच्या सफरींची हस्तलिखितं आणखी वेगळ्या ठिकाणी आहेत. तिसऱ्या सफरीचं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे आणि त्यातली नोंद १७ जानेवारी १७७९ ला थांबते. बँक्सची रोजनिशी आणि ब्लायच्या ‘बाउंटी’ नोंदवहीची एक प्रत सिडनीच्या न्यू साउथ वेल्स राज्य ग्रंथालयात आहे. विक्रेत्याच्या वर्णनात सफर एक आणि ग्रंथालय भलतंच असं दिसलं, तर तिथेच थांबा.

आता कामाची गोष्ट. कॅनबेराच्या प्रतीची सगळी पानं ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर मोफत पाहता येतात. त्यातली या पाच दिवसांची पानं उतरवून एका फोल्डरमध्ये ठेवा:

- ३ जून १७६९: ताहितीवर शुक्राच्या अधिक्रमणाचं (सूर्यबिंबावरून शुक्र सरकण्याचं) निरीक्षण.
- १९ एप्रिल १७७०: ऑस्ट्रेलियाचा पूर्व किनारा पहिल्यांदा दिसला.
- ६ मे १७७०: बॉटनी बे सोडताना. आधी ‘स्टिंगरे हार्बर’ म्हटलेल्या खाडीचं नाव कुकने बदललं, ती जागा.
- ११ जून १७७०: रात्री जहाज प्रवाळाच्या खडकावर चढलं.
- २२ ऑगस्ट १७७०: पझेशन बेटावरची नोंद.

ही पाच पानं म्हणजे तुमची कसोटी. पुढे तीनदा लागणार आहेत.

## ३. विक्रेत्याला विचारायचे प्रश्न

पत्र लांबवू नका. एवढंच विचारा:

१. ही प्रत कुठल्या ग्रंथालयातल्या, कुठल्या क्रमांकाच्या हस्तलिखितावरून केली?
२. पानांचा आकार मूळ आहे की लहान केला?
३. छपाई एकरंगी, दुरंगी की चाररंगी?
४. मुद्रणनोंदीचं पान, म्हणजे प्रतीचा क्रमांक असलेलं पान, जागेवर आहे का? त्याचा फोटो पाठवा.
५. पेटी, नकाशे, सोबतची पुस्तिका: मुळात काय काय होतं आणि आज काय आहे?
६. ११ जून १७७० च्या पानाचा, उजेडात घेतलेला फोटो पाठवा.

सहावा प्रश्न सगळ्यात उपयोगी. ज्याच्या हातात खरंच पुस्तक आहे, तो पान शोधतो आणि फोटो काढतो. ज्याच्याकडे नाही, तो कव्हरचे चार फोटो पाठवून “प्रत उत्तम स्थितीत आहे” असं लिहितो. आलेला फोटो फोल्डरमधल्या पानाशी जुळवा. अक्षर, ओळी, खाडाखोड. अक्षर सुबक, सारखं आणि ओळी वेगळ्या ठिकाणी तुटत असतील, तर समोर कारकुनाची नक्कल आहे.

तपासणी: सहाही उत्तरं लेखी मिळाली का? पाच मिळाली तर पैसे पाठवू नका.

## ४. पैसे, पार्सल आणि कस्टम्स

या टप्प्यात पैशापेक्षा कागदावरच्या शब्दांनी जास्त नुकसान होतं.

विक्रेता कौतुकाने पार्सलवर ‘अठराव्या शतकातलं हस्तलिखित’ असं लिहितो. मग पार्सल अडकतं. भारतीय कायद्यात ७५ वर्षांहून जुनं महत्त्वाचं हस्तलिखित ‘पुरावस्तू’ ठरू शकतं, आणि मग अधिकाऱ्याने प्रश्न विचारले तर चूक त्याची नाही. तुमची वस्तू मात्र छापील पुस्तक आहे. म्हणून विक्रेत्याला आधीच कळवा: घोषणापत्रावर आणि बिलावर ‘छापील पुस्तक, आधुनिक फॅक्सिमिली’, छापल्याचं वर्ष आणि कस्टम्सच्या वर्गवारीतला छापील पुस्तकांचा क्रमांक ४९०१ एवढंच लिही. ‘अँटिक’, ‘रेअर मॅन्युस्क्रिप्ट’ हे शब्द नकोत.

२०१९ च्या अर्थसंकल्पाने आयात पुस्तकांवर ५ टक्के सीमाशुल्क लावलं. त्यावर अधिभार येतो, आणि आकारणी पुस्तकाच्या किमतीसोबत वाहतूक आणि विमाही धरून होते. चामडी बांधणीचे मोठे खंड जड असतात, त्यामुळे टपालखर्चच दणकून येतो. दर बदलत असतात, मागवण्याच्या आठवड्यात ताजा दर बघा. किंमत कमी दाखवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. पार्सल हरवलं तर विमाही तेवढाच मिळेल.

पैसे क्रेडिट कार्डाने द्या. आणि परतीची मुदत किती दिवसांची, ती पार्सल पोचल्यापासून की पाठवल्यापासून, हे लिहून घ्या. समुद्रमार्गे येणारं पार्सल रस्त्यातच मुदत खाऊन टाकतं.

पावसाळ्यात मागवू नका. जुलैत मुंबईच्या गोदामात पंधरा दिवस पडलेला खोका मी उघडला आहे. आतला पुठ्ठा पापडासारखा वळला होता.

## ५. खोका आला: पहिले दोन दिवस

लगेच फोडू नका. विमानाच्या थंड पोटातून आलेली वस्तू दमट हवेत उघडली की तिच्यावर दव धरतं. खोका घरातल्या कोरड्या खोलीत, जमिनीवर नव्हे तर टेबलावर, चोवीस तास राहू द्या. बाहेरून मात्र सगळ्या बाजूंनी फोटो काढा: चेपलेले कोपरे, ओलीचे डाग, फाटलेली चिकटपट्टी.

उघडताना कटरचं पातं अर्धा सेंटीमीटरच बाहेर काढा. खोक्याच्या मध्यावरून कधीच कापू नका, कारण पातं नेमकं पेटीच्या झाकणावरून जातं. ही चूक ज्याने केली नाही असा संग्राहक मला अजून भेटलेला नाही.

आता प्लास्टिकच्या आवरणाचा प्रश्न. “सील न फोडलेल्या प्रतीला भाव जास्त” हे ऐकून लोक प्रत तशीच ठेवतात. कोकणात, मुंबईत, गोव्यात हे घातक आहे. आत कोंडलेली ओल बाहेर पडत नाही. रत्नागिरीच्या एका स्नेह्यांनी दोन पावसाळे प्रत सीलबंद ठेवली. काढली तेव्हा चामड्यावर पांढऱ्या बुरशीची साय होती. शिवाय आत पानं आहेत की नाहीत हेच माहीत नसलेल्या प्रतीला तुम्ही भाव कसला देणार?

## ६. पानं मोजणं, आणि तेही बांधणीला हात लावण्याआधी

क्रम इथे महत्त्वाचा. परतीची मुदत संपेपर्यंत प्रतीवर नाव घालायचं नाही, शिक्का मारायचा नाही, कव्हर चढवायचं नाही, कणा मोकळा करायचा नाही. आधी मोजणी.

हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. सुती हातमोजे नकोत, त्यांनी पानाच्या कडेचा अंदाज येत नाही आणि पानं फाटतात.

पृष्ठक्रमांकांवर भरवसा ठेवू नका. मूळ हस्तलिखितावर ग्रंथालयाने घातलेले आकडे वेगळे आणि प्रकाशकाने खाली छापलेले वेगळे असू शकतात, त्यांचा मेळ घालण्यात दुपार जाते. रोजनिशीत सोपी युक्ती आहे: तारखा मोजा. नोंद रोजची आहे. वार-तारीख वाचत पानं उलटत जा. गुरुवारनंतर शनिवार आला की थांबा आणि स्कॅनशी ताडून बघा. पान गळलं आहे, दोनदा बांधलं आहे की उलटसुलट झालं आहे, ते तिथल्या तिथे कळतं. बांधणीत एखादा फर्मा (एकत्र घडी घातलेल्या पानांचा जुडगा) मागेपुढे झाला तर सोळा पानांची उडी दिसते, तीही अशीच सापडते.

मग पाच कसोटीची पानं काढून दहापट भिंगाखाली धरा. ऑफसेट छपाईत रंगीत ठिपक्यांची नक्षी दिसते, ती फुलासारखी दिसली तर चाररंगी. कोलोटाइप या जुन्या पद्धतीने छापलेलं असेल तर ठिपके नसतात, बारीक सुरकुतीदार पोत दिसतो. इंकजेटचे शिंतोडे विस्कळीत पडलेले असतात. १९७० च्या दशकातली म्हणून घेतलेल्या प्रतीत असे शिंतोडे दिसले तर दाल में काला नव्हे, अख्खी डाळच काळी आहे.

आता डागांविषयी, कारण सगळ्यात जास्त फोन याचेच. त्या काळची शाई हिराकस आणि मायफळाची. ताजी असताना काळी, काळाने तपकिरी होते आणि कागद खात मागच्या बाजूला उमटते. चांगली फॅक्सिमिली ही उमटलेली शाई, पाण्याचे ओघळ, बोटांचे ठसे, सगळं छापते. मी स्वतः एका विक्रेत्याला पानावरच्या तपकिरी डागाबद्दल कडक पत्र लिहिलं होतं. त्याने उत्तरात फक्त मूळ पानाचा दुवा पाठवला. डाग अडीचशे वर्षांपूर्वीचा होता. पत्र परत घ्यायची सोय नसते.

डागाची परीक्षा: भिंगाखाली डागात छपाईचे ठिपके (कोलोटाइप असेल तर तोच सुरकुतीदार पोत) दिसले तर तो मूळचा, म्हणजे दोष नाही. ठिपके नसून कागदाच्या तंतूंत रंग मुरलेला दिसला, किंवा तांबूस ठिपके छापलेल्या भागाबाहेर कोऱ्या समासातही पसरले असतील, तर तो तुमच्या प्रतीचा आजार. स्कॅनशी ताडून खात्री करा आणि मुदतीत कळवा.

शेवटी मुद्रणनोंदीतला क्रमांक, पेटीवरचा क्रमांक आणि प्रमाणपत्रावरचा क्रमांक एकच आहे का ते बघा. वेगळे असतील तर दोन प्रतींची जोडाजोड आहे. घेऊ नये असं नाही, पण किंमत त्या मानाने हवी.

## ७. बांधणी मोकळी करणं

मोजणी झाली, प्रत ठेवायची ठरली, आता हे. न उघडलेला जाड खंड थेट मधोमध उघडला की कण्याची खळ तडकते आणि पुढे कायम तिथेच उघडत राहतो.

पुस्तक कण्यावर उभं धरा. पुढचा पुठ्ठा टेबलावर टेकवा, मग मागचा. नंतर पुढून दहा-पंधरा पानं, मागून दहा-पंधरा पानं, असं आलटून पालटून आत या. प्रत्येक वेळी शिवणीजवळ बोट हलकं फिरवा, दाबू नका. वाचताना दोन्ही पुठ्ठ्यांखाली घडी केलेले टॉवेल ठेवा म्हणजे पुस्तक सपाट पसरत नाही.

## ८. ठेवायचं कुठे?

आपल्याकडे जुनी हस्तलिखितं बासनात बांधून ठेवत, आणि ‘बासनात गुंडाळणं’ याचा अर्थ पुढे विसरून जाणं असा झाला. फॅक्सिमिलीचं हेच होतं. पेटीत घातली की वर्षभर कुणी बघत नाही, आणि सादळलेल्या कपाटात वर्षभर पुरतं.

- मोठा खंड आडवा ठेवा. उभा ठेवला तर पानांचा भार शिवणीवर येतो. एकावर एक दोनच, तिसरा नको.
- लोखंडी कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. पावसाळ्यात ती भिंत गार राहते आणि कपाटाच्या पाठीला आतून घाम फुटतो. तळाचा खण वापरू नका.
- साधं आर्द्रतामापक घ्या. ४५ ते ५५ टक्के उत्तम. ६५ च्या वर काटा बरेच दिवस राहिला की बुरशी येणारच.
- सिलिका जेल ठेवलंत तर रंग बदलला की तापवून कोरडं करा. चार महिने तशीच पडलेली पुडी म्हणजे नुसते खडे.
- वेखंड किंवा कडुनिंबाचा पाला ठेवायचा तर कापडी पुरचुंडीत, पुस्तकाला न टेकवता. पूड पानांत भुरभुरू नका, डाग पडतात. डांबरगोळ्या पेटीत मुळीच नको.
- चामड्याला खोबरेल, बुटाचं पॉलिश, फर्निचरचं मेण काहीही लावू नका. कोरड्या मऊ कापडाने पुसा, पुरे.
- फाटलं तर चिकटपट्टी आणि फेविकॉल दोन्ही वर्ज्य. पान तसंच कागदात ठेवून जाणत्या बांधणीकाराकडे न्या.

गणपती आणि दिवाळी यांच्यामध्ये, ऊन पडलं की, एकदा पेटी उघडून सगळी पानं वाऱ्यावर उलटा. उन्हात नाही.

## ९. वाचताना होणारी तारखांची गल्लत

प्रत आली, मोजली, ठेवली. आता पहिली नोंद वाचून लोक गोंधळतात, कारण दुपारची हकिगत आधी आणि सकाळची नंतर येते. समुद्रावर कुकचा दिवस दुपारी बाराला सुरू होतो आणि दुसऱ्या दुपारी संपतो. म्हणून १९ एप्रिलची नोंद आपल्या हिशेबाने १८ च्या दुपारी सुरू होते. नोंदीत ‘पीएम’ आधी, ‘एएम’ नंतर. उलटं वाचलंत तर जहाज मागे गेल्यासारखं वाटेल.

दुसरी गोष्ट, रेखांश. कुक ग्रिनिचपासून पश्चिमेकडे मोजत जातो आणि १८० च्या पुढेही तसाच मोजतो. आजच्या नकाशावर बघायचं तर त्याचा आकडा ३६० मधून वजा करा, पूर्व रेखांश मिळेल.

तिसरी सगळ्यात चकवणारी. जहाज पश्चिमेकडे जात पॅसिफिक ओलांडून आलं, पण कुकने एक दिवस पुढे सरकवला नाही. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर त्याची तारीख स्थानिक तारखेच्या एक दिवस मागे आहे. किनारा दिसला तो सकाळी सहाला, नोंदीत १९ एप्रिल, स्थानिक तारीख २०. बॉटनी बेमध्ये मात्र ते दुपारी शिरले. नोंदीत २९ एप्रिल, स्थानिक तारीखही २९, कारण दुपारी सुरू होणाऱ्या दिवसाने एक दिवस पुढे ढकलला आणि न सरकवलेल्या तारखेने एक मागे ओढला. पुस्तकांत कधी १९, कधी २० दिसतं ते याच कारणाने. तुमची प्रत चुकलेली नाही.

हा हिशेब पटत नसेल तर ऑक्टोबर १७७० मधलं बटाव्हियाचं पान उघडा. तिथे कुकने स्वतःच लिहून ठेवलंय: आमच्या मोजणीने बुधवार १०, इथल्या लोकांच्या मोजणीने गुरुवार ११.